चामडे हाताने शिवायचा क्लॅम्प: स्वस्तातला घेऊन त्याचा कामाचा चिमटा कसा करावा

चामड्याच्या हातशिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातात. दोन्ही हात सुया आणि आरी सांभाळण्यात गुंततात, म्हणजे चामडे धरायला तिसरा हात हवा. कोल्हापुरी चप्पल करणारा कारागीर हे काम गुडघे आणि पायाचा अंगठा यांच्यावर भागवतो. पण त्याचा तळ जाड आणि ताठ असतो, शिवणही वादीची असते. पाकीट, पट्टा, पिशवी यांना तसे धरून चालत नाही. त्यासाठी उभ्या दोन फळ्यांचा लाकडी क्लॅम्प वापरतात. ऑनलाइन मिळणारा हा क्लॅम्प बहुधा बीचच्या किंवा पाइनच्या लाकडाचा असतो: खाली बूड, त्यावर एक पक्का जबडा, दुसरा बिजागरीवर हलणारा, आणि मधून आरपार एक बोल्ट व विंग नट (बोटांनी फिरवायचा, दोन पंखांचा नट).

तो जसा येतो तसा वापरला की तक्रारी ठरलेल्या. चामडे वरच्या कडेला हलते, नट कितीही पिळला तरी आरी टोचताना मागे झुकते, खाली मात्र त्यावर फळीचा वळ उठतो. दोरा नटात अडकतो. महिन्याभरात बूड डुगडुगायला लागते. यातले काहीही लाकूड हलके असल्यामुळे होत नाही. चूक आकारात आहे, आणि ती दुरुस्त करायला एक सुटी (गम वाळायचा वेळ वेगळा) आणि साधी हत्यारे पुरतात.

मुळात काय चुकते

चामडे जबड्यांच्या फक्त वरच्या ओठांत धरले गेले पाहिजे, शिवणीच्या रेषेखाली लगेच, दहा-बारा मिमीच्या पट्टीत. त्याखाली ते मोकळे लोंबले पाहिजे.

बाजारी क्लॅम्पचे जबडे रिकामे असताना एकमेकांना सपाट चिकटतात. दिसायला छान, पण बिजागरी खाली असल्याने मधे काही घातले की जबडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे उघडतात आणि सर्वांत रुंद फट वर, ओठांशी पडते. दोन पदरी ४ मिमी चामडे घाला: ते धरले जाते खालच्या कडेशी, जिथे फट अरुंद आहे. वर, जिथे आरी टोचायची, तिथे ते सुटे असते. नट आणखी पिळला की खालचा दाब वाढतो, वरचा नाही. वळ उठतात ते यामुळे.

इंग्लंडमध्ये वॉल्सॉलसारख्या खोगिरांच्या गावी जो जुना चिमटा वापरतात, त्याला बोल्टच नसतो. दोन वाकवलेल्या फळ्या बुडाशी जोडलेल्या, मधे पोकळ, आणि वर ओठांशीच भेटणाऱ्या. मांड्यांत दाबून धरला की लाकडाच्या लवचीकपणाने ओठ आपोआप आवळतात. आपल्याला सरळ फळ्यांच्या क्लॅम्पकडून हेच वागणे करून घ्यायचे आहे.

आधी कागदाची परीक्षा करून पाहा. नेहमीच्या कामाच्या जाडीचे चामड्याचे तुकडे ओठांत धरा, त्यांच्या आणि जबड्याच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी सरकवा आणि नट आवळा. पट्टी वरच्या दहा मिमीत ओढून निघता कामा नये, आणि ओठांपासून ३० मिमी खाली सहज निघाली पाहिजे. डावीकडे, मधे, उजवीकडे, तिन्ही ठिकाणी पाहा. नव्या क्लॅम्पमध्ये बहुतेकदा नेमके उलट घडते.

जमवायचे सामान

१० ते १२ मिमी जाडीच्या प्लायवुडचा तुकडा, १.५ ते २ मिमी जाडीचे न रंगवलेले व्हेजिटेबल टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेले, चामडे (साधारण १० × १० सेंमी), फेविकॉल एसआर ९९८ किंवा तत्सम रबरी गम, आणि लाकडाचा पांढरा गम. बोल्टच्या कामाला आठ मिमीचा आय बोल्ट (डोक्याला गोल डोळा असलेला), दोन मोठे वॉशर, एक स्प्रिंग, शिसवीचा किंवा बाभळीचा २५ मिमी जाड तुकडा. हत्यारांत करवत, पटाशी, रंधा किंवा खरखरीत कानस, गुण्या, ड्रिल, ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर.

खालची मापे साधारण २४ सेंमी उंच (बिजागरीपासून ओठापर्यंत), ७.५ सेंमी रुंद आणि २० मिमी जाड जबडे धरून दिली आहेत. तुमची मापे वेगळी असतील तर प्रमाण राखा.

बूड पक्के करा, मग बाकीचे

सुरुवात वरून करू नका. डुगडुगत्या बुडावर ओठ जुळवले तर ते पुन्हा बिघडतात.

पक्का जबडा बुडाला खालून दोन स्क्रूंनी जोडलेला असतो. हे स्क्रू फळीच्या टोकाच्या रेषांत, म्हणजे लाकडाच्या तंतूंना समांतर घुसलेले असतात. तिथे आटे धरत नाहीत. प्रत्येक टाक्याचा दोरा ओढताना फळी डावी-उजवीकडे हलते आणि भोक पिठासारखे झिजते. जास्त लांब स्क्रू घालून हे सुटत नाही.

इलाज असा: स्क्रू काढा. फळीच्या रुंद बाजूवर, खालच्या टोकापासून २५ मिमी वर, दोन्ही स्क्रूंच्या रेषेत १६ मिमीचे आरपार भोक पाडा. त्यात कठीण लाकडाचा गोल दांडू पांढरा गम लावून ठोका आणि रात्रभर वाळू द्या. मग ५ मिमी जाड, ६० मिमी लांब स्क्रू खालून या दांडूतून जाईल असा आवळा, आधी ३.५ मिमीचे वाट-भोक पाडायला विसरू नका, नाहीतर दांडू चिरेल. आता आटे दांडूच्या आडव्या तंतूंत बसतात आणि सुटत नाहीत. सांध्यालाही गम लावा, गुण्याने काटकोन तपासा.

बूड मांडीखाली दाबून बसायचे असते. त्याच्या वरच्या कडा रंध्याने १० ते १२ मिमी गोल करा, नाहीतर अर्ध्या तासात मांडीला मुंग्या येतात आणि माणूस नकळत वजन उचलतो. खालून जाड नमद्याचा किंवा जुन्या सतरंजीचा तुकडा चिकटवला की फरशीवर घसरत नाही.

बिजागरीशी पट्टी

सगळ्या बदलांत हा सर्वांत मोलाचा. दुसरे काही जमले नाही तरी हे करा.

हलणारा जबडा बुडाशी बाहेर सरकवायचा, म्हणजे फळ्या खाली एकमेकींपासून दूर आणि वर जवळ राहतील. किती सरकवायचा याचे गणित सोपे आहे: दोन्ही अस्तरांची (ओठांवर पुढे चिकटवायच्या चामड्याची) जाडी, अधिक तुमच्या सर्वांत जाड कामाची जाडी, अधिक २ मिमी. अस्तर प्रत्येकी २ मिमी आणि काम ४ मिमी असेल तर ४ + ४ + २, म्हणजे १० मिमी. ८ मिमीचे दुपदरी पट्टे शिवत असाल तर १४. त्यापुढे फार जाऊ नका. पट्टी गरजेपेक्षा पाच-सहा मिमी जाड झाली तर पातळ कामात ओठाची फक्त वरची धार टेकते आणि चामड्यावर बारीक रेघ उठते.

बिजागरी हलणाऱ्या फळीच्या खालच्या खुंटाला, म्हणजे पक्क्या जबड्याला जोडलेल्या आखूड तुकड्याला, असेल तर खुंट काढून त्याच्या आणि पक्क्या जबड्याच्या मधे या जाडीची प्लायवुडची पट्टी गम आणि स्क्रूने बसवा. बिजागरी सरळ बुडाच्या फळीवर असेल तर पट्टीची गरज नाही, बिजागरीच तेवढी बाहेर सरकवा आणि जुनी भोके काडी व गम घालून बुजवा. बिजागरी हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. पिनेत खेळ असेल तर ती बदला, कारण तिथली अर्ध्या मिमीची ढिलाई ओठांशी पुष्कळ वाढून दिसते.

बिजागरी बसवताना दोन्ही ओठ एका रेषेत आहेत का ते वरून डोळा लावून बघा. एक ओठ पुढे गेला असेल तर चामडे तिरके धरले जाते आणि आरीची भोके मागच्या बाजूला रेषा सोडतात. पुष्कळ जण याचा दोष स्वतःच्या हाताला देतात.

पोटातली पोकळी आणि बाहेरचा उतार

दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजूला, ओठापासून १२ मिमी खाली पेन्सिलने आडवी रेघ मारा. त्या रेघेपासून बोल्टच्या २ सेंमी वरपर्यंत ३ मिमी खोल लाकूड काढा. रेघेवर करवतीने ३ मिमी खोल काप घ्या, मग पटाशीने खालून वर, कापाकडे सोलत या. उलट दिशेने सोलू नका. या पोकळीत खिशाची घडी, आधीची शिवण, पट्ट्याची कडी असे काहीही विनावळ राहते.

आता बाहेरची बाजू. २० मिमी जाड ओठावर आरी धरलेला हात आडवा येतो, भोकाशी पोहोचतच नाही. ओठाच्या माथ्यावर आतून ५ मिमी सोडून रेघ मारा, बाहेरच्या बाजूवर वरून २० मिमी खाली दुसरी, आणि दोन रेघांमधला तिरका भाग रंध्याने उतरवा. पाइनचे लाकूड असेल तर माथ्यावर ७ मिमी सोडा; ते तंतूंच्या दिशेने चटकन फुटते. दोन्ही खांदेही, म्हणजे ओठांचे डावे-उजवे कोपरे, १५ मिमी गोल करा. पिशवीचा कोपरा किंवा वळणदार कड शिवताना हे कोपरेच आड येतात.

घड्याळाचे पट्टे आणि कार्डाची पाकिटे एवढेच शिवत असाल तर वरचे ८ सेंमी जबडे ४ सेंमी रुंदीपर्यंत निमुळते करा. लांब सरळ शिवणीला मात्र रुंद ओठच चांगले, कारण प्रत्येक वेळी काम सरकवताना वेळ जातो. दोन्ही जमवायचे तर निमुळतेच करा. रुंद ओठ वळणावर चालत नाहीत, अरुंद ओठ सरळ रेषेवर चालतात.

ओठांना अस्तर

चामड्याच्या दोन पट्ट्या कापा, प्रत्येकी ४२ मिमी × ७८ मिमी. आतले १२, माथ्यावरचे ५ आणि उतारावर उरलेले, अशी ती दुमडून बसते. आत येणारी कड रापीने शेवटच्या ५ मिमीत पातळ करा, नाहीतर तिची पायरी मऊ चामड्यावर उमटते. लाकडाच्या धारा पॉलिश पेपरने मिमीभर गोल करून घ्या.

अस्तराची खरबरीत बाजू लाकडाला, गुळगुळीत बाजू कामाला. गम दोन्हीकडे पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा: कोरड्या हवेत १० ते १५ मिनिटे, पावसाळ्यात जास्त. ओला असताना दाबला तर वरून चिकटल्यासारखा वाटतो आणि आठवड्यात सुटतो. आतल्या कडेपासून सुरुवात करून माथ्यावरून बाहेर ताणत न्या, हातोडीच्या दांड्याने घासून बसवा. २४ तास क्लॅम्प आवळू नका, आणि मधे प्लास्टिकचा कागद ठेवा.

ओठाजवळ खिळा किंवा चूक (बारीक खिळा) ठोकू नका. आरीचे टोक तिच्यावर आपटले की मोडते. दुसरे कारण लोखंडाचे आहे: व्हेजिटेबल टॅन चामड्यातले टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळे-निळे डाग पडतात. गंजका स्क्रू, कानशीची पूड, घासणीचे तंतू, सगळ्यांनी. म्हणून कानस मारून झाल्यावर लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळवूनच अस्तर लावा. असा डाग कामावर पडलाच तर लिंबाचा रस लगेच लावल्याने फिका होतो, जुना झाला की हटत नाही.

काळे रबर अस्तराला वापरू नका. पकड चांगली वाटते, पण फिक्या चामड्यावर त्याचे डाग राहतात. रंगवलेले चामडेही नको.

बोल्ट, दांडी आणि स्प्रिंग

विंग नट बोटे सोलतो आणि दर सात-आठ सेंमी शिवणीनंतर काम पुढे सरकवायचे तर दरवेळी फिरवत बसावे लागते. त्याऐवजी चक्राची दांडी लावा, जी अर्ध्या फेऱ्यात उघडते आणि बंद होते.

शिसवीच्या २५ मिमी जाड तुकड्यातून ४० मिमी व्यासाचे चक्र आणि त्यालाच जोडून १० सेंमी लांब दांडी कापा. चक्राच्या मध्यापासून बरोबर ३ मिमी बाजूला, जाडीतून आरपार, आय बोल्टच्या डोळ्यात जाणाऱ्या पिनेचे भोक पाडा. चक्राच्या मधोमध आय बोल्टचे डोके बसेल एवढी खाच करा. डोळ्यात सहा मिमीचा बोल्ट पिनेसारखा घाला. चक्र आणि जबडा यांच्यामधे मोठा वॉशर ठेवा, नाहीतर चक्र लाकडात खड्डा पाडते.

हे ३ मिमी महत्त्वाचे आहे. मध्यापासूनचे अंतर त्रिज्येच्या सहाव्या भागापेक्षा कमी असेल तर चक्र घर्षणाने स्वतःच जागच्या जागी थांबते. ५ मिमी केले तर उघडझाप मोठी मिळते, पण दोरा जोरात ओढताच दांडी सुटते. चक्राच्या कडेला तेल किंवा मेण लावू नका. दोऱ्याचे मेण बोटांवरून तिथे जाते, ते अधूनमधून पुसा. जुना विंग नट फेकू नका. तो बोल्टच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, चामड्याच्या जाडीनुसार एकदा जुळवण्यासाठी.

हलणाऱ्या जबड्यातले बोल्टचे भोक गोल असेल तर ते उभे लांबट करा, ९ मिमी रुंद आणि १३ मिमी उंच. जबडा बिजागरीभोवती कमानीत फिरतो, बोल्ट सरळ राहतो. गोल भोकात तो अडतो आणि निम्मा जोर तिथेच खर्च होतो.

स्प्रिंग बोल्टवर, दोन जबड्यांच्या मधे. आतला व्यास १० मिमी, तार १.२ मिमी, सहा वेढे, मोकळी लांबी ३५ ते ४० मिमी. हार्डवेअरच्या दुकानात स्प्रिंग घेताना पूर्ण दाबून मोजा: वर सांगितलेल्या मापांत बोल्टपाशी फट ९ मिमी राहते, आणि पातळ कामात त्याहून कमी. सहा वेढ्यांची स्प्रिंग दाबून ७ मिमीच्या आसपास जाते, म्हणून बसते. दहा वेढ्यांची आणलीत तर ओठ कधीच मिटणार नाहीत आणि दोष मात्र दांडीला लागेल.

बोल्टची जागा बदलावी का? बोल्ट जबड्याच्या निम्म्या उंचीवर असेल तर त्याचा निम्माच जोर ओठांना मिळतो. पाऊण उंचीवर नेला तर पाऊण. पण मग ओठ ते बोल्ट अंतर १२ वरून ६ सेंमी होते आणि पिशवीचे पान आत मावत नाही. फक्त पट्टे आणि पाकिटे शिवणाऱ्याने वर न्यावा. इतरांनी जागेवर ठेवावा; ओठ नीट भेटत असतील तर निम्मा जोर पुरून उरतो.

दोरा अडकणे थांबवायला बोल्टच्या वर, जबड्याच्या बाहेरच्या बाजूला, पातळ चामड्याचा पडदा गमाने चिकटवा, जो नट आणि दांडीच्या मुळावर लोंबेल. दोरा त्यावरून घसरून खाली पडतो. दांडी बंद असताना खाली वळलेली राहील अशी जुळवा. वर उभी राहिली तर प्रत्येक तिसऱ्या टाक्याला दोरा तिला फास घालतो.

उंची आणि कल

बसून कोपर काटकोनात दुमडा. ओठ कोपरापेक्षा ५ ते ८ सेंमी वर हवेत. मांडी घालून जमिनीवर बसा किंवा खुर्चीवर, बूड मांडीखालीच असल्याने माप जवळपास तेच राहते: बहुतेकांना बसण्याच्या पृष्ठभागापासून २८ ते ३२ सेंमी. उंच माणसाला बाजारी क्लॅम्प बुटका पडतो आणि मान खाली जाते. बुडाखाली लाकडाचा ठोकळा जोडून उंची वाढवा, ओठांत वाढ करू नका.

उजव्या हाताने आरी धरणाऱ्याने क्लॅम्प थोडा डावीकडे कलवावा, दहा-पंधरा अंश, म्हणजे पुढची बाजू डोळ्यांसमोर येते. बुडाच्या उजव्या कडेखाली २ सेंमी उंचीची पाचर चिकटवली की हा कल कायम मिळतो आणि मनगट वाकडे करावे लागत नाही. डावखुऱ्याने पाचर डावीकडे.

शिवणीची रेषा ओठांपासून ४ ते ६ मिमी वर ठेवा. त्याहून वर गेली की आरीच्या दाबाने चामडे झुकते आणि भोक तिरके पडते. खाली गेली की सुई अस्तरात रुतते.

शेवटची तपासणी आणि निगा

कागदाची परीक्षा पुन्हा करा. एका बाजूला पट्टी निघत असेल तर त्या बाजूच्या अस्तराखाली पातळ चामड्याचा तुकडा घालण्यापेक्षा दुसऱ्या बाजूचे अस्तर १८० नंबरच्या पेपरने थोडे उतरवा. दोन ओठांत पेपर धरून, हलके आवळून, ओढत राहिले की ते एकमेकांना जुळत जातात.

उघड्या लाकडाला उकळलेले जवसाचे तेल पुरे, अस्तरापासून दूर ठेवून. तेलाचे फडके चुरगाळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

ओले केलेले चामडे क्लॅम्पमध्ये धरू नका, कितीही चांगले अस्तर असले तरी ठसा उमटतो. मऊ क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्याला मधे दोन सुटे मऊ तुकडे घ्या. काम थांबवताना दांडी उघडी ठेवा, म्हणजे अस्तर दबून कडक होत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात अस्तरावर बुरशी धरते; कोरड्या ब्रशने झाडून, सावलीत वारा लागेल असे ठेवा, उन्हात नको. आरीच्या टोकाने अस्तर चाळणीसारखे झाले की ते बदलायचे. केस वाळवायच्या यंत्राने गम गरम केला की जुने अस्तर एका ओढीत निघते.